सगळ्या गाड्यांना चालणारं तेल

"हे सगळ्या गाड्यांना चालतं," म्हणत काउंटरवरच्या पोराने बाटली पुढे सरकवली आणि तो फोन घ्यायला वळला. मी मागितलं होतं माझ्या जुन्या ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. त्याने कॉम्प्युटरवर वर्ष, कंपनी, मॉडेल टाकलं, पडद्यावर काय आलं ते मला काही दाखवलं नाही, आणि मागच्या मांडणीवरून ही बाटली काढली. बाटली ऐटदार होती. समोर ठळक अक्षरांत सर्व वाहनांसाठी असल्याची ग्वाही, मागे बारीक टायपात लांबलचक यादी. अमेरिकन, जपानी, कोरियन, जर्मन, कोणाचंही मन दुखवलेलं नव्हतं. मी चष्मा कपाळावर चढवून वाचत उभी राहिले. मागे रांग वाढत होती. माझ्या ट्रकला लागतं त्या तेलाचं नाव यादीत होतं, पण यादीच्या वर एक सावध शब्द टाकलेला होता: ‘वापरण्यास योग्य’. मान्यता मिळालेलं, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. परवाना क्रमांक शोधला, तो नव्हता. "नंतर येते," म्हणून बाटली तिथेच ठेवून मी बाहेर पडले.

त्या पोराशी माझं काही भांडण झालं नाही. तरी घरी येऊन कुकर लावताना, रात्री ओटा पुसताना ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. लहानपणी मी ते अनेकदा ऐकलेलं होतं, वेगळ्या तोंडून, आणि तेव्हा त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला जायचा.

ट्रक म्हटल्यावर सांगलीकडच्या माणसाला जे दिसतं, तसलं हे धूड नाही. इथे मिशिगनमध्ये मागे उघडा हौदा असलेली पिकअपसुद्धा ट्रकच. माझी आहे १९९९ सालची फोर्ड एफ-१५०, ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, रंग एके काळी गडद हिरवा. शेजारचे आजोबा कायमचे फ्लोरिडाला निघाले तेव्हा त्यांनी ती मला दिली. पैसे घेतले, पण भाव सांगताना तेच ओशाळले होते. आयुष्यभर गिअरबॉक्सच्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस. "गंज चढलाय, पण इंजिन तुझ्या-माझ्यापेक्षा टिकेल," म्हणाले होते. तेव्हापासून खत, माती, बागेतला पालापाचोळा आणि दर उन्हाळ्यात आमच्या पथकाचे ढोल-ताशे यांची ने-आण तिच्याकडे. डेट्रॉइटच्या या उपनगरांमध्ये मराठी माणूस मोटारींच्याच धंद्यात पोट भरतो, घरटी एक तरी इंजिनिअर निघेल. पण स्वतःच्या हाताला तेल लावून घेणारे फार कमी. ढोल वाहायची वेळ आली की मात्र सगळ्यांना माझी पिकअप आठवते.

थरथर पहिल्यांदा कळली ती ढोलांमुळेच. फोर्ड रोडवरून सरावाला निघाले होते, ताशी ४५ मैलांच्या आसपास, पाय ॲक्सिलरेटरवर अगदी हलका. अचानक सीटखाली खरखर झाली, स्टिअरिंगमध्ये बारीक कंप आला आणि मागे हौद्यात आडव्या ठेवलेल्या ताशाचं पान आपणहून झणझणायला लागलं. दोन-तीन सेकंद, मग सगळं शांत. रस्ता खराब असेल, म्हणून मी सोडून दिलं. परतताना रिकाम्या हौद्यानिशी त्याच वेगाला पुन्हा तेच झालं. रात्री फ्लोरिडाला फोन लावला.

आजोबांनी दोनच प्रश्न विचारले. महामार्गाच्या कडेला डुलकी मोडण्यासाठी खाचा पाडलेल्या असतात, त्यावरून गेल्यागत वाटतं का? हो. मग तसं होत असताना डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श कर, गाडी थांबवू नकोस. थांबतं का? दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. पायाचा भार पडायच्या आत थरथर कापून टाकल्यागत थांबली. "मग इंजिन ठीक आहे," ते म्हणाले. "कन्व्हर्टरमधला क्लच आहे. ब्रेकचा दिवा लागला की तो सुटतो. आधी तेल बघ, पैसे नंतर खर्च कर." कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसलेला, तेलातून ताकद पुढे नेणारा भाग.

तेल बघायचीही रीत आहे. गाडी सपाटीवर, इंजिन चांगलं तापलेलं आणि चालू, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून सावकाश फिरवायची, मग पार्कमध्ये ठेवून डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढायची. (डॉजच्या जुन्या ट्रकमध्ये हेच न्यूट्रलला ठेवून बघतात, कारण तिथे पार्कमध्ये कन्व्हर्टरकडे तेल फिरत नाही. एका गाडीची रीत दुसरीला लावली की पातळीच चुकीची कळते.) पातळी बरोबर होती. एक थेंब मी स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या कागदावर टाकला आणि खिडकीत धरला. नवं तेल डाळिंबी लाल असतं, पारदर्शक. माझा थेंब मधोमध विटकरी आणि कडेला पिवळट तपकिरी होत पसरत गेला. काळा नव्हता, कणही दिसत नव्हते. वास घेतला. करपलेल्या फोडणीचा वास भांडं घासून ठेवल्यावरही कढईला जेवढा राहतो, तेवढा होता.

म्हणजे जळालेलं नव्हतं, थकलेलं होतं.

सांगलीला मामांचा ट्रक होता, टाटा १२१०, हळदीची पोती भरून गुजरातकडे जाणारा. शाळेच्या सुट्टीत मी मामेभावंडांबरोबर माधवनगर रोडच्या गॅरेजात तासन् तास बसायची. मुलीच्या जातीने तिथे बसू नये, असं मामींना वाटायचं आणि मामांना तसं काही वाटत नसावं, निदान ते बोलत तरी नसत. मेस्त्री गिअरबॉक्समध्ये घालायचं तेल डब्यातून काढायचे तेव्हा आख्ख्या गॅरेजात गंधकाचा उग्र वास पसरायचा. नव्वद नंबर. घट्ट, चिवट, मधाच्या रंगाचं. हातपंपाने ओढताना किन्नर (क्लीनर) पोराच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगायच्या. ट्रकमधून काढलेलं काळं ऑइल फेकून देत नसत. गावाकडचे लोक डबे घेऊन रांग लावायचे, कोणाला बैलगाडीच्या आसाला वंगण हवं, कोणाला वाशांना वाळवी लागलेली. मामा कधी विचारायचे, यंदा दुसऱ्या कंपनीचं तेल आणलंय, चालेल का? मेस्त्री बोटांच्या चिमटीत थेंब घेऊन चोळायचे, अंगठा आणि तर्जनी लांब करत तार बघायचे आणि म्हणायचे, "मालक, चालतंय. काय हुत न्हाई. मी हाय की."

ट्रक आठवड्या-पंधरवड्याला गॅरेजसमोर उभा राहायचा. गिअर घालताना दात कुरकुरले तर ते डायव्हरच्या आधी मेस्त्रींना कळायचं. चालतंय म्हणणाऱ्या माणसाची तेवढी हजेरी होती, आणि बिघडलं तर रात्री कंदील लावून खाली झोपायची तयारीही. बाटलीवर छापलेल्या ‘सर्व वाहनांसाठी’च्या मागे असं कोण उभं आहे, हे मी त्या दुकानात उलटसुलट करून शोधत होते, एवढंच.

पण मेस्त्रींची चिमूट इथे कामाची नाही, हेही खरं. त्यांच्या नव्वद नंबरला एकच मोठं काम होतं, दातावर दात घासू न देणं. ऑटोमॅटिकमधल्या लाल तेलावर माझ्या मते जरा अन्यायच झालाय. पंपाच्या दाबाखाली जाऊन त्याने झडपा सरकवायच्या, म्हणजे गिअर बदलणारा हात तेच. कन्व्हर्टरमध्ये फिरून इंजिनाची ताकद पुढे न्यायची तीही त्यानेच. बेअरिंगांना वंगण द्यायचं, आतली उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत पोचवायची. आणि वर क्लचच्या प्लेटा याच तेलात बुडालेल्या असतात, त्यांना एकमेकींवर नीट बसूही द्यायचं. निसरडंही राहा आणि पकडूही दे! हे दुसरं काम फार नाजूक. प्लेटा वेगाने घसरत असताना घर्षण जास्त हवं आणि दोघींचा वेग जुळत आला की ते हळूच कमी व्हायला हवं. उलटं झालं तर शेवटच्या क्षणी प्लेट पकडते, सुटते, पुन्हा पकडते, पुन्हा सुटते, एका सेकंदात कितीतरी वेळा. तीच माझी थरथर. ही चाल सांभाळायला तेलात खास रसायनं घातलेली असतात. त्यांच्या रेणूंचं एक टोक धातूला धरून बसतं. उष्णतेने आणि वर्षांनी ती झिजतात. इथल्या मेकॅनिकांचा ठोकताळा असा की १७५ फॅरनहाइटच्या वर दर २० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. रंग आणि चिकटपणा डोळ्यांना, बोटांना कळतो. रेणूंची ही चाल कळत नाही. आणि लाल रंग तर नुसता रंगच आहे. गळती झाली तर ती इंजिनच्या तेलाची नाही हे ओळखू यावं म्हणून घातलेला. आपल्याकडे गॅरेजात हेच लाल तेल पॉवर स्टिअरिंगचं ऑइल म्हणून ओळखतात आणि त्यापलीकडे त्याची फारशी चौकशी कोणी करत नाही.

मला तेलाच्या दुकानांकडे जायला प्लिमथ रोड लागतो, लिव्होनियातून जाणारा. या रस्त्यावर एके काळी जनरल मोटर्सचा कारखाना होता, हायड्रामॅटिक या त्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. १२ ऑगस्ट १९५३ ला तिथे कटिंग टॉर्चची ठिणगी पडली आणि अवाढव्य इमारत एका दुपारी भस्मसात झाली. माणसं गेली. देशभरच्या कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्या गिअरबॉक्सविना अडकल्या, तेव्हा त्यांना ब्युइकचा डायनाफ्लो गिअरबॉक्स बसवून वेळ मारून नेली. कंपनीने मग विलो रनची ती प्रचंड इमारत घेतली, जिथे दुसऱ्या महायुद्धात फोर्डने बी-२४ बॉम्बर बांधले होते, आणि पुढे २०१० पर्यंत तिथे गिअरबॉक्स बनत राहिले. त्या रस्त्याने आता जाताना काहीच जाणवत नाही. दुकानं, पार्किंग, सिग्नल.

हायड्रामॅटिक आला १९४० च्या ओल्ड्समोबिलबरोबर. युद्धात तोच एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांत गेला. पण त्याच्यासाठी ठरीव कसोटीचं तेल यायला १९४९ उजाडलं. टाइप ए नावाचं. ते शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनमध्ये तपासून घ्यावं लागे आणि डब्यावर ‘एक्यू-एटीएफ’ अशी अक्षरं नि पुढे क्रमांक छापावा लागे. १९६७ ला जनरल मोटर्सचंच डेक्स्रॉन आलं. या सुरुवातीच्या तेलांमधली घर्षणाची ती नाजूक चाल कोण सांभाळत होतं, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. देवमासा. स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं आणि चरबीतलं तेल. उष्णतेत टिकणारं, धातूला धरून राहणारं, तेव्हा याच्या तोडीचं दुसरं सहज मिळत नव्हतं. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि हे तेल बंद झालं. रसायनशास्त्रज्ञांची धावपळ उडाली. वाळवंटातल्या होहोबाच्या बियांचं तेल बरंचसं त्याच घडणीचं निघालं. बाकी सगळं प्रयोगशाळेत बनवावं लागलं. मी रहाते त्या घरांच्या ओळीत साठच्या दशकात रोज सकाळी ज्या गाड्या अलगद गिअर बदलत कामावर निघत असतील, त्यांच्या त्या अलगदपणात देवमासा होता. हे कळल्यापासून मला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पूर्वीइतकं भाबडेपणाने रमता येत नाही. जातेच, पण.

फोर्डने तर त्याच काळात नेमकी उलटी वाट धरली होती. त्यांचं टाइप एफ. त्यात घर्षण हलकं करणारी ती रसायनंच नसत, त्यामुळे प्लेटा झटक्यात पकडत. गिअर बदलला की मान हलायची, पण पकड खणखणीत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्ड हळूहळू त्या वाटेवरून उतरली. म्हणजे एकाच शहराच्या दोन टोकांना बसलेल्या दोन कंपन्या, दोघींचं तेल लाल, बाटली उघडून शेजारी ठेवली तर मेस्त्रींनाही फरक सांगता आला नसता, आणि वागणूक परस्परविरुद्ध. त्या काळातल्या फोर्डमध्ये डेक्स्रॉन किंवा शेव्हरोलेमध्ये टाइप एफ घातलं, तर गाडी पुढे जायची, अगदीच बंद पडत नसे. म्हणून तर लोक म्हणत राहिले, चालतं.

माझ्या ट्रकचा गिअरबॉक्स म्हणजे ४आर७०डब्ल्यू आणि त्याच्या पुस्तिकेत तेल लिहिलंय मर्कॉन व्ही. गंमत अशी की त्याच वर्षीच्या, त्याच मॉडेलच्या ट्रकमध्ये मोठं ५.४ लिटरचं इंजिन असलं तर गिअरबॉक्स वेगळा आणि तेव्हा त्याला सांगितलेलं तेलही वेगळं, साधं मर्कॉन. काउंटरवर इंजिन कोणतं हे विचारलंच नव्हतं. मर्कॉन १९८७ चं. मर्कॉन व्ही नव्वदच्या दशकात आलं, आणि कन्व्हर्टरचा क्लच थरथरू नये हा त्याच्या घडणीतला मोठा भाग होता. २००७ मध्ये फोर्डने साध्या मर्कॉनचे परवाने देणं थांबवलं आणि जुन्या गाड्यांनाही मर्कॉन व्हीच घाला म्हटलं. मग वाटतं, नवं ते जुन्याला चालतं. तर तेही सरसकट नाही. पुढे आलेलं मर्कॉन एलव्ही आणखी नवं, आणखी महाग, पण अंगाने पातळ. १०० अंश सेल्सिअसला मर्कॉन व्हीची चिकटता साडेसात सेंटीस्टोकच्या आसपास असते, एलव्हीची सहाच्या. ज्या पंपाच्या नि झडपांच्या फटी दाट तेल धरून आखल्या, त्यांत पातळ तेल घालून इंधन वाचवायला निघणं मला पटत नाही, आणि फोर्डही ते माझ्या गिअरबॉक्सला सांगत नाही. जनरल मोटर्सने मात्र डेक्स्रॉन-६ आणलं तेव्हा ते पातळ असूनही जुन्या गाड्यांना चालेल असं स्वतः लिहून दिलं आणि २००६ च्या अखेरीस डेक्स्रॉन-३ चे परवाने बंद केले. म्हणून आज दुकानात ‘डेक्स्रॉन-३ साठी योग्य’ असं लिहिलेली स्वस्त बाटली दिसते, तिच्या शब्दाला जामीन कोणी नाही. जनरल मोटर्सची जुनी शेव्हरोले असलेल्यांना मी डेक्स्रॉन-६ च घ्या म्हणते, डोळे मिटून. हा भेदभाव विचित्र आहे, पण तो त्या-त्या कंपनीने केलाय, आणि जे तिने लिहून दिलंय तेवढंच माझ्या हातात आहे.

बाटलीच्या मागे क्रमांक बघायचा, एवढं मी शिकले. मर्कॉन व्हीचा परवाना असला तर ‘एम५’ने सुरू होणारा आकडा असतो, डेक्स्रॉन-६ चा ‘जे’ने. सर्वांना चालणाऱ्या तेलांत काही खरोखर चांगलीही असतील. बनवणाऱ्यांनी मधला मार्ग काढून, बऱ्याच गाड्यांना फारसं न खुपेल असं घर्षण साधलेलं असतं. धडधाकट, नव्या गिअरबॉक्सला ते खपूनही जात असेल. माझी गाडी आधीच थरथरत होती, तिच्यात तेवढं सोसायची ताकद उरली नव्हती.

तेल बदलायचं ठरलं तसा दुसरा उपदेश सुरू झाला. पथकातल्या दोघा-तिघांनी स्वतंत्रपणे बजावलं: "काकू, इतक्या जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदलू नका, बदललं की बसतो." ही दंतकथा सांगलीपासून सगळीकडे आहे, मामांचे डायव्हरही इंजिनबद्दल असंच म्हणायचे. त्यात तथ्य एवढंच दिसतं की लोक तेल बदलायला येतात तेच मुळी गिअर घसरायला लागल्यावर. प्लेटांचं अस्तर तेव्हा गेलेलंच असतं, जुन्या तेलात तरंगणाऱ्या कचऱ्याने जी काय पकड उरली असेल ती नव्या तेलात उरत नाही, आणि दोष नव्याच्या माथी बसतो. माझा गिअर घसरत नव्हता. यंत्र लावून दाबाने सगळं तेल उपसणाऱ्यांकडे मात्र मी गेले नाही. खालचा पॅन काढायचा, फिल्टर बदलायचा, जेवढं निघेल तेवढं काढून तेवढंच घालायचं, हे मला जास्त शहाणपणाचं वाटलं.

शनिवारी सकाळी ट्रक रॅम्पवर चढवला आणि खाली पुठ्ठा अंथरून शिरले. लेक बॅटरी धरायला, कुरकुरत. पॅनला तेल सोडायचं बूच नसतं. एका बाजूचे बोल्ट आधी सैल करायचे, मग पॅन तिरका होतो आणि तेल त्या कडेवरून खाली पडतं. हे पुस्तकात. प्रत्यक्षात इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर ओतलेल्या मिठाने बोल्ट असे गंजलेले की आदल्या रात्री फवारा मारून ठेवूनही पाना दर वेळी आवाज करायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा. मग एकदम कड सुटली. कोमट तेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं, बाहीत शिरलं. पॅन उतरवून उजेडात नेला. तळाशी लोहचुंबक, त्यावर करड्या रंगाचा मऊ थर, बोटाने पुसला तर काजळ निघावी इतका बारीक. चमकणारे कण, तुकडे नाहीत. इथवर बरं होतं. इतक्यात लेक म्हणाली, "आई, हे काय तुटलंय?" तेलात एक पिवळं प्लॅस्टिकचं बोंडूक तरंगत होतं, अंगठ्याएवढं.

तेल पुसून फोन लावला आणि काय सापडलं ते सांगितलं. पलीकडे आजोबा इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, "ते तुटलेलं नाही. कारखान्यातून गिअरबॉक्स निघतो तेव्हा डिपस्टिकच्या भोकात ते बूच बसवलेलं असतं. गाडीच्या जोडणीच्या वेळी नळी घालताना ते आत ढकलतात, आणि ते पडतं पॅनमध्ये. फेकून दे." मग जरा थांबून मी विचारलं, म्हणजे हा पॅन आजवर कोणी उघडलेलाच नाही? ट्रक तर त्यांनीच नवाकोरा घेतलेला. ते म्हणाले, "आठवडाभर दिवसाचे आठ-दहा तास मी त्याच तेलात असायचो. शनिवारी घरी पुन्हा त्यातच कोण हात घालणार?" माझ्या मामांच्या घराचा दरवाजा सतत करकरायचा, आणि गॅरेज चालवणाऱ्या मेस्त्रींची सायकल आम्ही पोरं लांबून आवाजानेच ओळखायचो, ते आठवलं. बूच मी फेकलं नाही. खिळे-स्क्रूच्या बरणीत आहे.

नवा फिल्टर बसवला, पॅनची रबरी गॅस्केट शाबूत होती ती पुसून तीच लावली, बोल्ट हलक्या हाताने आवळले. जोर केला तर पॅनच वाकतो. डिपस्टिकच्या नळीत लांब नरसाळं लावून तेल थोडं थोडं घातलं. सुमारे पाच क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी) बसलं. आख्ख्या गिअरबॉक्समध्ये चौदाच्या आसपास असतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये दडून राहतं. म्हणजे नव्याचा वाटा साधारण ३६ टक्के. पुन्हा एकदा पाच काढून पाच घातलं की ५९ होईल, तिसऱ्यांदा ७३. गणित करून लेकीला दाखवलं तर ती म्हणाली, शंभर कधीच होणार नाही का? नाही होणार. कन्व्हर्टरलाही सोडायचं बूच असतं, पण त्यासाठी इंजिन हाताने फिरवत ते खाली आणायचं आणि मग तोही बोल्ट गंजलेला नसू दे म्हणायचं; त्या दिवशी माझी हिंमत पॅनवरच संपली.

पहिल्या फेरीला थरथर होती तशीच होती आणि मी भयंकर खट्टू झाले. आठवड्याने ती फक्त चढावर यायला लागली. आता सकाळी थंड गाडीत, तेही मनापासून लक्ष दिलं तर, ४५ च्या जवळ एक हलकी झुळूक जाणवते, आणि ती खरी की माझ्या कानांना सवय झाली म्हणून भासते, हे मला सांगता येत नाही. लेकीला जाणवत नाही. ताशाचं पान गप्प असतं. एक बाटली उरली होती, ती पथकातल्या एकाने त्याच्या टोयोटा सिएनासाठी मागितली. त्याची पुस्तिका मागवून घेतली, तिच्यात डब्ल्यूएस हे टोयोटाचं वेगळं तेल लिहिलेलं निघालं, आणि माझी बाटली माझ्याकडेच राहिली. दुसऱ्या फेरीला ती लागणारच आहे.

दुसरी फेरी गणपतीच्या आधी करायचं घाटत होतं, पण पॅन लावताना वर बॅटरी मारली तर कूलरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी एकीवर गंजाचे पोपडे धरलेले दिसले. अजून ओल नाही. ती रस्त्यात फुटली तर एम५ असो की काही असो, सगळं तेल फोर्ड रोडवर. तेव्हा आधी नळी. ती मिळते, स्वस्तही आहे, पण तिच्या टोकाचे सांधे काढताना रेडिएटरचं तोंड मोडतं असं जो तो सांगतोय, आणि या वेळी मला त्यांच्यावर विश्वास बसतोय.